बिनआवाजाची सायकल

पिपरी मेघेतल्या आमच्या घरापासून माझं ऑफिस साडेपाच किलोमीटरवर. पंधरा वर्षं स्कूटीने गेले. मग गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "गुडघे चालते ठेवा, पण त्यांच्यावर जोर देऊ नका." साध्या सायकलला जोर लागतो आणि स्कूटीवर गुडघे हलत नाहीत, म्हणून मी विजेची सायकल घेतली. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.

दुकानदाराने सगळं दाखवलं होतं: हँडलवरचा स्विच, मोटरच्या जोराचे एक ते पाच टप्पे, ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते ते. मी मान डोलवत होते. सायकल मला पाचवीपासून येते, त्यात काय ऐकायचं, असं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. शाळेत असताना बसायची तशीच बसायला गेले. डावा पाय पायडलवर, उजव्याने जमिनीला रेटा, मग टांग. पायडल फिरलं तशी मोटर लागली. टप्पा होता तिसरा. सायकल हातातून पुढे पळाली, मी तिच्यामागे दोन पावलं फरफटले आणि शेजारच्या बांधकामाच्या रेतीच्या ढिगात जाऊन पडले. कोपर सोलवटलं. रेती होती म्हणून तेवढ्यावर निभावलं.

माझे सासरे ओट्यावर बसून हे बघत होते. त्यांना मी मामाजी म्हणते. पोस्टमन म्हणून त्यांनी सगळी नोकरी सेलू तालुक्यातल्या गावांमध्ये सायकलवर काढली. आता काठी घेऊन चालतात. ते काठी टेकत आले.

"लागलं काय वो बाई?"

"नाही मामाजी, थोडंसं."

त्यांनी सायकल उभी करायला सांगितली आणि मोटर कशाने सुरू होते ते विचारलं. मी सांगितलं.

"पायडल फिरलं का मोटर लागते, हे तुले मालूम हाये. मंग बसायच्या आंधी पायडलवर पाय काऊन ठेवते?"

मी कपड्यांवरची रेती झटकली.

त्या रविवारी सकाळी ते मला मागच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर घेऊन गेले. त्यांनी आयुष्यात विजेची सायकल चालवली नव्हती, तरी शिकवलं त्यांनीच. आधी दोन्ही ब्रेक धरायचे, मग सीटवर बसायचं, एक पाय जमिनीवर, मग स्विच, टप्पा पहिला. मुरमाच्या उतारावर त्यांनी काठी आडवी टाकली. "इथं थांबून दाखव." मी घाईने समोरचा ब्रेक आवळला आणि चाक घसरलं. "मांगचा आंधी, मंग समोरचा. आन् सायकल वजनदार हाये, तं ब्रेक लवकर धरत जाय." वीस-बावीस वेळा करायला लावलं. शेवटी निघताना म्हणाले, "ओढणी बांधून घेत जाय. चाकाले नाई समजत."

हेल्मेट मी स्वतःच घेतलं. ऑफिसात सुरुवातीला हसले, मग कोणी बघेना.

दोन महिने बरे गेले. सायकल अंगवळणी पडली आणि मी तिसऱ्या टप्प्यावर जायला लागले. स्कूटीचा आवाजच लोकांना बाजूला करायचा. या सायकलला आवाज नाही, हे मला कळत होतं, तरी घंटी वाजवायचा संकोच वाटे. चालणाऱ्या माणसाच्या मागे घंटी वाजवणं म्हणजे 'हट' म्हटल्यासारखं.

हिवाळ्यातली सकाळ होती. मला ऑफिसला उशीर झाला होता. पुढे साठीच्या एक बाई हातात पिशवी घेऊन डाव्या कडेने चालल्या होत्या. मी उजवीकडून निघून जाईन म्हटलं. त्यांना पलीकडे भाजीचा ठेला दिसला आणि त्या मागे न बघता वळल्या. मी ब्रेक दाबला, सायकल थांबलीही, पण हँडल त्यांच्या पिशवीला लागलं. त्या दचकल्या, तोल गेला, आणि हातावर पडल्या.

मी सायकल तिथेच सोडून त्यांना बसवलं. त्यांनी मनगट धरून ठेवलं होतं.

"मावशी, माझी चूक झाली."

"आवाज तं करा लागत होता ना बाई! माह्या पाठीले काय डोये हायेत?"

ऑटो करून दवाखान्यात नेलं. मनगटाच्या हाडाला बारीक चीर होती, तीन आठवडे प्लॅस्टर. ऑटोतून परत येताना मावशी म्हणाल्या, "घरी याईले दिसत नाई नीट. सयपाक कोण करन?"

याईले म्हणजे त्यांच्या यजमानांना. घरात दोघंच. मी म्हटलं, मी करीन.

संध्याकाळी मामाजींना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. मग म्हणाले, "मीबी एकदा उतारावर एका माणसाले पाडलं होतं. घंटी होती, वाजवली नाई. त्याची घागर फुटली. दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरचं पत्र घेऊन जा लागलं."

"मग?"

"गेलतो. पाणी पाजलं त्यानं. पण मले मान वर नाई करता आली."

तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ मी डबा पोचवला. पहिले काही दिवस मावशी दारातच डबा घ्यायच्या. मग एक दिवस आत बोलावलं आणि माझ्या वरणात मीठ कमी असतं, असं सांगितलं. यजमान म्हणाले, "बरोबर असते." त्यावर दोघांचं थोडं वाजलं.

आता पुढे माणूस दिसला की मी लांबूनच घंटी वाजवते, आणि वेग कमी करते. काही जण वळून रागाने बघतात. बघू देत.

प्लॅस्टर निघाल्यावर मावशी एकदा रस्त्यात भेटल्या. त्यांनी सायकलभोवती फिरून तिला नीट पाहिलं, आणि मागच्या कॅरिअरवर हात ठेवला.

"चौकापर्यंत सोडतं काय मले?"

"नाही मावशी, हे सामानासाठी आहे. माणूस बसला तर तोल जातो."

त्यांना ते फारसं पटलं नाही. मी उतरले, स्विच बंद केला आणि सायकल हातात धरून त्यांच्यासोबत चालायला लागले. चौक येईपर्यंत त्या भाजीवाल्याने काल दिलेल्या किडक्या वांग्यांबद्दल सांगत होत्या.