आरशातलं राखाडी हेल्मेट

कोल्हापुरात हेल्मेट घालून गाडी चालवणाऱ्या माणसाकडं लोक जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. हा परगावचा असणार, नाहीतर तोंड लपवून कुठंतरी निघालेला असणार, असा त्यांचा हिशेब. मी चौदा वर्षं हेल्मेट घालून कोल्हापूर ते हुपरी मोटरसायकलनं ये-जा करतो, त्यामुळं ती नजर मला पाठ झाली आहे. तरी गेल्या हिवाळ्यात माझ्या गाडीच्या आरशात सलग तीन सकाळी दुसरं एक राखाडी हेल्मेट दिसलं, तेव्हा मीही त्याच्याकडं त्याच नजरेनं बघितलं.

हुपरीत मी चांदीचा टंच काढणाऱ्या दुकानात नोकरीला आहे. टंच काढणं म्हणजे चांदीत खरी चांदी किती आणि भेसळ किती, हे तपासून सांगणं. येणारा प्रत्येक जण माल चोख आहे असंच सांगतो आणि तो सांगतो ते धरून न चालणं हीच माझी नोकरी. ही सवय मी रस्त्यावरही नेतो. पुढच्या गाडीचा इंडिकेटर लागला तर एवढंच समजायचं की त्यातला बल्ब शाबूत आहे. ती वळेलच असं नाही, आणि वळली तर त्याच बाजूला वळेल असंही नाही. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून डुलत चाललेले असतात आणि मागं लाल दिव्याचा पत्ता नसतो. शेतातून रस्त्यावर येणारी प्रत्येक पाणंद आली की मी वेग कमी करतो, कारण तिथून म्हैस येईल, सायकल येईल किंवा फोनवर बोलत कुणीतरी येईल. दुकानातला माझा सोबती म्हणतो की माझ्या मागं बसण्यापेक्षा तो एसटीनं उभा राहून येईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. चौदा वर्षांत माझी गाडी एकदाही आडवी झालेली नाही.

माझा दुसरा नाद पिस्तुलाचा. परवाना आहे, आणि त्यावर ते खेळासाठी दिल्याचं लिहिलं आहे. रविवारी सकाळी मी नेमबाजीच्या रेंजवर जातो. बाहेरच्या लोकांना यातलं काही सांगितलं की ते दोनच प्रश्न विचारतात, कुणाला उडवणार आणि कितीला घेतलं. दोन्हीत मला रस नाही. मला आवडतं ते त्याचं वजन, सरावलेल्या बोटाखाली हळूहळू मागं येणारा चाप, आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी स्पष्ट दिसत असताना पलीकडचं वर्तुळ धूसर होणं. कागदाला जिथं भोक पडलं तिथं ते पडलं. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. आठवडाभर लोकांचं बोलणं तपासून दमलेल्या माणसाला ते बरं वाटतं.

आमच्या रेंजवर शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की पिस्तूल घरातून निघालं की रेंजवर आणि रेंजवरून निघालं की घरी. वाटेत चहालासुद्धा थांबायचं नाही. मी ते इतकं पाळलं होतं की नव्या लोकांना त्या माझं उदाहरण द्यायच्या.

ते राखाडी हेल्मेट मला पहिल्यांदा दिसलं ते उचगावच्या पुढं. काळी काच खाली ओढलेली, जुनी निळी गाडी, अंगात जर्किन. मी सावकाश झालो की तो सावकाश. मी बाजूला घेऊन त्याला पुढं जायची खूण केली, तर तोही बाजूला घेऊन थांबला. गडमुडशिंगी, वसगडे, पट्टणकोडोली, सगळीकडं तो आरशात. मी हुपरीत दुकानाकडं वळायचो तेव्हा तो सरळ निघून जायचा. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

मी विचार करायला लागलो की माझ्या पिस्तुलाचं कुणाकुणाला माहीत आहे. पहिला माझा सोबती. आदल्याच महिन्यात त्यानं मी ते घरात कुठं ठेवतो असं सहज विचारलं होतं. आता ते सहज वाटेना. शिवाय मी टंचाच्या दुकानातला माणूस, म्हणजे बॅगेत चांदी असणार असं कुणालाही वाटू शकतं. चौथ्या दिवशी मी सोबत्याशी बोलणं कमी केलं. त्यानं डबा पुढं केला तर मी नको म्हणालो. तो गोंधळून माझ्याकडं बघत राहिला आणि ते गोंधळणंसुद्धा मी त्याच्याच विरुद्ध धरलं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, पोलिसांत सांगा की. न्हायतर थांबून त्याला इचारा." ती गडहिंग्लजची आहे, तिच्याकडं कुठल्याही गोष्टीला दोनच वाटा असतात. मी दोन्ही धरल्या नाहीत. पोलीस काय विचारतील आणि परवान्यापर्यंत गोष्ट कशी जाईल, याचीच मला जास्त काळजी होती.

आठव्या दिवशी मी पिस्तूल बरोबर घेतलं.

 कपाटातून ते काढलं, भरलेलं मॅगझिन वेगळ्या कप्प्यात ठेवलं, आणि बॅग पाठीवर न घेता पोटावर अडकवली. बायको आंघोळीला गेली होती. मी काय करतोय ते मला नीट कळत होतं, म्हणूनच ती बाहेर यायच्या आत निघालो.

उचगावला तो आलाच. आणि त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा जवळ होता. रोज दोन गाड्यांचं अंतर असायचं, आता त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकापासून जेमतेम एका गाडीच्या अंतरावर. वसगड्याच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस आणि रस्ता मोकळा. माझा डावा हात दोनदा क्लच सोडून बॅगेकडं गेला. चौदा वर्षांत कुठल्याही ट्रॅक्टरनं मला असं चालवायला लावलं नव्हतं. माझं लक्ष समोर नव्हतंच. एका पाणंदीतून दुधाचे कॅन लावलेली गाडी बाहेर आली ती मला दिसली फार उशिरा. दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं आणि मी कसाबसा सावरलो. दूधवाला शिवी देऊन निघून गेला.

पट्टणकोडोलीत चहाच्या टपरीपाशी मी गाडी लावली.  तोही थांबला. त्यानं हेल्मेट काढलं, आणि आत पन्नाशीचा, पांढऱ्या मिश्यांचा माणूस निघाला. डाव्या भुवईपासून कानापर्यंत टाक्यांच्या व्रणांची ओळ होती.

"पावणं, लागलं न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

मी बॅगेवर हात ठेवूनच म्हणालो, "तुम्ही माझ्या मागं का येता?"

तो ओशाळला. टपरीवाल्याला दोन चहा सांगून बाकावर बसला आणि मग एकेक सांगायला लागला. तो रेंदाळला यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो. दिवाळीच्या आधी एका ट्रॉलीनं त्याला याच रस्त्यावर उडवलं होतं. दोन महिने घरी होता. कामावर परत निघाला तेव्हा उचगावच्या पुढं त्याचे हात थरथरायला लागले आणि तो गाडी वळवून घरी गेला. असं दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी त्याला मी दिसलो.

"तुमी लई भिऊन चालवताय," तो म्हणाला. "पर बरोबर चालवताय. पाणंद आली की हळू, ट्रॅक्टर आला की लांब. म्हटलं, ह्या माणसाच्या मागं ऱ्हायलं तर आपुन पोचतो. पुढं जायचं धाडस हुईना अजून."

मी विचारलं की मग आज इतक्या जवळून का.

"आज उचगावच्या वळणावर तुमची बॅग पोटावर दिसली. मग हातबी तिकडं जाताना दिसला. मला वाटलं, चांदी आसंल, ह्यांला कुणाची तरी भीती हाय. म्हणून जवळ आलो. कुणी आडवं आलंच तर दोघं बरं."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. मी त्याला काही सांगितलं नाही. बरं झालं थांबलात, एवढं म्हणालो. मग आम्ही निघालो, मी पुढं आणि तो मागं. दिवसभर दुकानात मी बॅग पायाशी ठेवून बसलो आणि संध्याकाळी जीव मुठीत धरून घरी आलो. या खेपेला भीती माझ्याच बॅगेची होती.

रविवारी मॅडमना सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तर त्यांना कळलंही नसतं.  त्या म्हणाल्या, "दादा, भीती वाटली हे मी समजू शकते. पण त्या माणसानं खिशातून रुमाल काढला असता, तर तुम्हाला काय दिसलं असतं?"  त्यांनी पिस्तूल रेंजच्या तिजोरीत ठेवायला लावलं आणि तीन महिने मला हात लावू दिला नाही. मी दर रविवारी जाऊन इतरांचे कागद लाकडी चौकटीला चिकटवत बसलो. कुणी विचारलं तर खांदा दुखतोय असं सांगायचो. बायकोला मात्र खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सोबत्याची माफी कशी मागायची ते मला जमलं नाही. एक दिवस मीच त्याच्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. त्यानं चटणी पुढं सरकवली.

राहिला तो रेंदाळला जाणारा माणूस. आता आमचा पट्टणकोडोलीत रोज चहा व्हायचा. त्याची मुलगी जयसिंगपूरला शिकते, त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, असं सगळं मला कळत गेलं. माझ्याबद्दल त्याला चांगलंच वाटायचं आणि तेच मला सहन होईना. फेब्रुवारीत एक दिवस मी सांगून टाकलं, त्या सकाळी बॅगेत काय होतं ते. कुणासाठी होतं तेही सांगितलं.

तो भुवईवरच्या व्रणांवरून बोट फिरवत राहिला. "माझ्यासाठी व्हय," असं म्हणाला, चहा संपवला, हेल्मेट घातलं आणि माझ्या आधी निघून गेला. एकटा. त्याला तसं पुढं जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

चार दिवस तो दिसला नाही. मी उचगावच्या पुढं मुद्दाम रेंगाळायचो. पाचव्या सकाळी गडमुडशिंगीजवळ आरशात राखाडी ठिपका दिसला. मी वेग कमी केला, पण तो जवळ आला नाही. पूर्वी दोन गाड्यांचं अंतर असायचं, आता चार गाड्यांचं होतं. पट्टणकोडोलीत त्यानं गाडी लावली, चहा घेतला, उसाच्या दराबद्दल बोलला. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही पुन्हा बोललो नाही. तो अजूनही माझ्या मागून येतो, आणि चार गाड्यांचं अंतर राखूनच येतो. ते कमी करा, असं मी त्याला कधी म्हटलेलं नाही.