गवती चहाचे दोन फुटवे

धनराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामठ्याला आमच्या धानाच्या बांधीत युरिया फेकत होतो. तसाच कडेच्या धुऱ्यावर बसलो. लहानपणापासूनचा शेजारी, बरोबरीचा मित्र... आणि मला सगळ्यांत आधी काय वाटलं? की आता तो माझ्याकडे गवती चहा मागणार नाही. दीड महिना झाला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या मोहल्ल्यात गवती चहा रुजवला तो धनराजनेच. जुना ठोंब खणायचा, मुळासकट एकेक फुटवा सुटा करायचा, पाती वीतभर ठेवून छाटायची आणि उंचवट्यावर लावायचा. मागेल त्याला द्यायचा. मी मात्र ते फुटवे चिखल करून, पाणी साचवून लावले. आठ दिवसांत कुजले. "काऊन बे, धानाची रोवणी करून राहिला का?" तो माझ्या मायसमोर हसला. मायही हसली. धनराजच्या हाताला गुण आहे म्हणायची आणि संध्याकाळचा चहा प्यायला रोज त्याच्याच घरी जायची. आमच्या घरचा तिला पांचट लागायचा. शेवटी धनराजच येऊन न्हाणीमागच्या वरंब्यावर दोन फुटवे लावून गेला, तेव्हा कुठे ते जगले.

यंदा उन्हाळ्यात तो महिनाभर नागपूरला दवाखान्यात होता. मागे त्याचा ठोंब पाण्यावाचून वाळला, मोहल्ल्यातले बाकीचेही उन्हाने गेले; माझाच तेवढा तगला. माय माझ्या घरी चहा पिऊ लागली. "आता जमला," म्हणाली... इतका आनंद मला धान चांगलं पिकल्यावरही झाला नव्हता. धनराज परतला तो निम्मा होऊन. माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "तोंडाले चवच नाई बे. तुह्याइथले दोन फुटवे दे." मी म्हणालो, "माहाही वाळला." घरामागे ठोंब कमरेएवढा झाला होता. "हो का," तो म्हणाला, "पाणीच जास्त टाकलं असशीन." एवढा खंगलेला माणूस, तरी मलाच शिकवत होता! त्या रागात मी खोटं तसंच राहू दिलं. नंतरही तो दोनदा भेटला...

तेरवीनंतर अख्खा ठोंब खणून मी त्याच्या घरी नेला. त्याच्या बायकोने, सुलोचनावहिनीने, तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. एवढा ठोंब एका पावसाळ्यात होत नाही, हे त्या घरात कोणाला सांगावं लागत नाही.

"भाऊजी, हा उन्हाळ्यात होता?"

"होता."

"जेवण नाई म्हणत होते. हाच चाय मागत होते..." ती म्हणाली. मग खाली बसून फुटवे सुटे करू लागली. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता तिने विळा सरकवला. "छाटा."

आता ते फुटवे त्यांच्या परसात आहेत. आठवड्यात नवी पाती आली. माझ्याकडे महिना लागला होता. माय संध्याकाळी पुन्हा तिकडे जाते. मी बांधीतून परतताना कुडापलीकडून तो वास येतो, कपबशा वाजतात, माय कशाला तरी हसते... आणि धनराज गेला आहे हे विसरून मला त्याचा हेवा वाटतो.