मेथी निवडताना सुचलेली बंदिश

शेजारच्या काकूंचे यजमान बंदिशी बांधायचे. त्यांच्यावर सिनेमा काढायला आलेल्या दिग्दर्शकाने विचारलं, "ती गाजलेली बंदिश सुचली तेव्हा ते काय करत होते?"

"माझ्याबरोबर मेथी निवडत होते. भर दुपारी," काकू म्हणाल्या.

तो नुसता हसला. पडद्यावर मात्र रात्र होती, विजा कडाडल्या, समई विझली आणि नटाने रडत रडत पहिली ओळ गायली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

मेथी निवडता निवडता गाणं सुचतं, एवढं आपल्याला का पुरत नाही कुणास ठाऊक.

काल काकूंकडे गेलो, तर त्या मेथीच निवडत बसल्या होत्या. समोरच्या पाहुणीला सांगत होत्या, "काय विजा कडाडत होत्या गं त्या रात्री!"