प्रभुभोजनाचा रस
कपिलतीर्थ मंडईत काळी द्राक्षं आली की त्या वासानं मला आमच्या चर्चमधला एक रविवार आठवतो. नवरा जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या महिन्यात प्रभुभोजनासाठी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायच्या घोटासाठी, द्राक्षांचा रस करायची पाळी माझी होती. आदल्या सकाळी चर्चच्या पाळकांची बायको, सगळ्या मंडळीची मामी, द्राक्षांची पिशवी घेऊन दारात आल्या. मी म्हटलं, "मामी, माझं मन लागत न्हाय. प्रार्थना बी होत न्हाय." त्या म्हणाल्या, "रस कराय मन कशाला लागतंय? हात हायत की!" आणि पिशवी ठेवून गेल्या. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. मी द्राक्षं धुतली, उकळली, फडक्यातून गाळली, डब्यातली साखर घातली. घरभर गोडसर वाफ कोंडली होती, ती मला जाणवतही नव्हती. रविवारी सगळ्यांनी छोटे पेले एकदमच तोंडाला लावले, तेव्हा मला कळलं की साखर समजून मी मिठाचा डबा उघडला होता. अख्ख्या मंडळीनं डोळे मिटून तो खारट घोट गिळला. कुणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर चपला घालताना मामी जवळ आल्या. मी मान वर केली नाही. "पुढल्या महिन्यालाबी तूच कर," त्या म्हणाल्या, "फकस्त चाखून बघ." तेव्हापासून दर महिन्याला रस मीच करते, द्राक्षं नसतील तर मनुकांचा, आणि चाखून बघते. देवाशी बोलायला लागले ते मात्र दीड वर्षानं.