अठ्ठावीस इंचांचा ओटा

नव्या घरात काम बघायला गेलं की नाना आधी टेप काढत नसत. चपला दाराबाहेर सोडायच्या, हॉलच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसायचं आणि घरच्यांकडे बघून विचारायचं, "पहिलं हाई सांगा, घरमा कोन कोठे बठस?"

माणसं गोंधळायची. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेले असत, त्यांना रंग आणि लाइट दाखवायचे असत. आणि हा डोक्याला टोपी, कानाला पेन्सिल लावलेला म्हातारा सुतार विचारतोय, कोण कुठे बसतं. तुम्ही तुमच्याच घरात सहज बघा. सोफा असतो एकीकडे आणि माणसं बसलेली असतात भलतीकडेच. नानांना ते भलतीकडचं हवं असायचं.

मी जळगावात घरांच्या आतल्या सजावटीचं काम करते. नकाशे माझे, सुतारकाम नानांचं, असं आमचं बारा-तेरा वर्षं चाललं. ते मूळचे धुळ्याचे, देवपुरात घर. सोमवारी एसटीने यायचे, शनिवारी परत जायचे. आठवडाभर ज्या घरी काम चालू असेल तिथंच एका खोलीत पथारी टाकायचे.

सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. एका मारवाडी कुटुंबाच्या घरी मी दाराजवळच्या बोळात चपलांचं उंच कपाट काढलं होतं. नाना म्हणाले, "ताई, इथं नको." त्या घरचे म्हातारे शेठ दिवसभर त्याच बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. दुकान मुलांच्या हाती गेलेलं, निदान येणारे-जाणारे तरी दिसावेत म्हणून. मी म्हटलं, त्यांची सोय आपण गॅलरीत करू. दोन दिवसांनी मी गेले तर तिथं पाठीला टेकण असलेलं सागवानी बाक होतं, आणि बाकाखाली चपलांचे खण. शेठजी त्यावर बसून बघत होते. मी नकाशा दुरुस्त केला.

त्याच घरात दुकानातली जुनी फळी निघाली. कापड मोजायला तिच्यावर गजाच्या पितळी खुणा ठोकलेल्या. घरचे म्हणाले, भंगारात द्या. नानांनी तिला रंधा मारला, खुणा तशाच ठेवल्या आणि नातींसाठी अभ्यासाचं टेबल केलं. शेठजी त्या टेबलाजवळ उगाचच जाऊन त्या खुणांवर हात फिरवायचे.

आणखी एका घरी मालकांना छताला लाटालाटांचं नक्षीकाम हवं होतं, त्यात निळे दिवे. नानांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "वर कोन ऱ्हास?"

वर कोणीच राहत नव्हतं. छत साधं झालं.

स्वयंपाकघराची त्यांची रीत मात्र ठरलेली. घरात रांधणारं जे कोणी असेल, त्याला भिंतीला लागून उभं करायचं आणि कोपरात हात वाकवायला सांगायचं. कोपराच्या चार बोटं खाली भिंतीवर पेन्सिलीची रेघ. ओटा त्या रेघेवर. "ओट्याचं माप भिंतीत नसतं, बाईच्या कोपरात असतं," असं मी पुढं गिऱ्हाइकांना स्वतःचंच वाक्य असल्यासारखं सांगू लागले. वाक्य नानांचं होतं.

मग एका सोमवारी ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, "मंडळीची उजवी बाजू गेली, ताई."

काकूंना अर्धांगवायू झाला होता. तीन महिने ते धुळ्यातच होते. मी भेटायला गेले तेव्हा घर ओळखू येईना. सगळे उंबरे काढलेले. पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला लाकडी कठडा, डाव्या हाताला येईल असा, घासून घासून लोण्यासारखा मऊ केलेला. स्वयंपाकघराचा ओटा फोडून खाली आणलेला, समोर पाठ असलेलं स्टूल. डब्यांच्या झाकणांना लाकडी मुठी, एका हाताने उघडता यावीत म्हणून.

काकूंनी मला चहा करून दिला. स्टुलावर बसून, डाव्या हाताने. वीस-पंचवीस मिनिटं लागली. थोडी साखर सांडली. नाना दारात हात पाठीमागे बांधून उभे होते. एकदा ते पुढे सरकले तशा काकू अडखळत म्हणाल्या, "तुम्ही... भाईर... बसा." ते बाहेर येऊन माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "मदत करेल आवडस नही तिले." आत भांड्याचा आवाज झाला की त्यांचे खांदे हलायचे, पण ते उठले नाहीत.

तो चहा फार गोड झाला होता. आम्ही दोघांनी सगळा प्यायला.

त्या ओट्यावर काकूंनी पुढं चार वर्षं रांधलं. कळण्याची भाकरीसुद्धा एका हाताने थापायला शिकल्या. नाना आता रोज संध्याकाळच्या एसटीने घरी जायचे. एका वैशाखात काकू गेल्या. पंधराव्या दिवशी नाना कामावर आले, टोपी तशीच, कानाला पेन्सिल तशीच. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "काम सांगा, ताई. घरमा बठाई नही ऱ्हायनं."

मी काम सांगितलं. मेहरूणमध्ये एका तरुण जोडप्याने घर घेतलं होतं, दोघं शिक्षक. त्यातली मुलगी उंच. तिच्या कोपराप्रमाणे ओटा चौतीस इंच धरला होता. माप नानांनीच घेतलं, मी कागदावर लिहिलं. गवंडी कोणताही असो, स्वयंपाकघरात नाना समोर उभे राहत आणि ओटा त्यांच्या रेघेवरच बसे. मी एका कामासाठी आठवडाभर नाशिकला गेले.

परत आले तर काळा ग्रॅनाइट बसला होता, भिंतीला टाइल्स लागल्या होत्या. ती मुलगी कोथिंबीर निवडत होती, कमरेत पार वाकून. मला बघून अवघडल्यासारखी हसली. "ताई, मला वाटलं, हल्ली डिझाइन असंच असेल."

मी टेप लावला. अठ्ठावीस इंच.

नाना बाजूच्या खोलीत कपाटाला बिजागऱ्या लावत होते. मी तिथूनच ओरडले, "नाना, टेप वाचता येत नाही का आता?"

बारा-तेरा वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ते आले. त्यांनी स्वतःचा टेप लावला, चष्मा पुसून पुन्हा लावला. मग ओट्याला पाठ टेकून ते खाली बसले.

"हाई तिनं माप शे, ताई," ते म्हणाले. "डोकाले चौतीस म्हाईत होतं. हातसनी नही ऐकं."

देवपुरातला काकूंचा ओटा, स्टुलावर बसून रांधायचा, अठ्ठावीसचा होता. त्या मुलीला मी दोन वाक्यांत काय ते सांगितलं. ती झटकन आत गेली, स्टूल घेऊन आली आणि ओट्यापाशी बसली. "बघा ना नाना, बसून किती छान वाटतं. राहू द्या असाच."

नाना उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नको माय. तू उभी राहीसनच सयपाक कर. बठीसन कराना वखत तुनावर नको येवो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ओटा फोडायला घेतला. गवंड्याला हात लावू दिला नाही. नवा ओटा चौतीसवर आला, त्यांनी तीन-तीनदा मोजला. निघताना मला म्हणाले, "आते मना हातवर भरोसा नही ऱ्हायना." मी म्हणायला हवं होतं, असं होतं नाना, सोमवारी या. मी म्हटलं, "थोडा आराम करा. काम निघालं की फोन करते."

मी फोन केला नाही. केला तो त्यांच्या मुलीला, पारोळ्याला. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, त्यांना तुझ्याकडे घेऊन जा, आता हातात हत्यार देऊ नकोस. काही लागलं-बिगलं तर? तेव्हा मला वाटलं होतं, आपण माणुसकीने वागतोय.

जळगावहून धुळ्याला जाताना पारोळा वाटेतच लागतं. वर्षभरात मी तिथून निदान सहा वेळा गेले असेन. दर वेळी गाडीत वाटायचं, परतताना थांबू. परतताना उशीर झालेला असायचा.

ते गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले होते, तिथंच.

मी गेले. मुलीचं घर नवं, दोन खोल्यांचं. दुकानातून आणलेलं पातळ पत्र्याचं कपाट, डगमगणारं टेबल, फोटोखाली समई. नानांच्या हातचं काही दिसतं का, म्हणून माझी नजर फिरत होती. तिने ओळखलं.

"बाबांनी इथं खिळासुद्धा ठोकला नाही, ताई," ती म्हणाली. "हे पुढचं दार पावसात फुगलं तेव्हापासून अडतं. रोज त्याच्या कडेवरून हात फिरवायचे. म्हणायचे, दहा मिनिटांचं काम शे, रंधा मारी देऊ का? मी म्हणायची, नाही बाबा, तुम्ही बसा. ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना फोनवर." तिने पदराने नाक पुसलं. "ऐकायचे हो. लगेच बसायचे."

तिच्या बोलण्यात कुठेच दोष देणं नव्हतं. मी चहा संपवला, फोटोला हात जोडले आणि निघाले.

ती दारापर्यंत आली. मी पायऱ्या उतरले आणि मागे दार लावल्याचा आवाज आला. लागलं नाही. तिने पुन्हा लोटलं. मग आतून खांदा लावून ती ते ढकलू लागली, आणि मी रस्त्यावर उभी राहून ते लागायची वाट बघत राहिले.