पांढऱ्या दातांच्या आत

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. पेशंट निम्मा वेळ तोंड उघडं ठेवून गप्प पडलेला असतो, मग चूळ भरली की मनातलं सगळं एकदम बाहेर येतं! माझं क्लिनिक बोईसरला. हल्ली निम्मे किस्से एकाच हौसेचे: "डॉक्टर, दात पांढरे करून द्या!" मी हसत हसत सांगते खरी, पण यातल्या बहुतेकांचं मला वाईटच वाटतं. चांगले धडधाकट दात घेऊन आलेली माणसं होती ही.

*

एका कापड कारखान्यात ब्लीचिंग खात्यात काम करणारा रामसेवक गाल धरून आला. हिरड्या भाजून पांढऱ्याफटक पडलेल्या. पठ्ठ्याने कारखान्यातलं पेरॉक्साइड पाण्यात मिसळून दातांना चोळलं होतं!

"मॅडम, वहाँ तो कपड़े का पूरा थान सफेद हो जाता है, ये तो सिर्फ दाँत हैं!"

मी कपाळाला हात लावला. त्याला सांगितलं की बाबा, कापडाला नस नसते. दाताचं वरचं कवच टणक असलं तरी हे औषध त्यातून आत झिरपतं. खालच्या थरात बारीक बारीक नळ्या असतात, त्यांतून ते थेट नसेपर्यंत पोचतं. आम्हीही तसलंच औषध वापरतो, पण मापात, हिरड्या झाकून, वेळ बघून. तरीसुद्धा दात काही दिवस शिवशिवतात.

रामसेवकने सगळं नीट ऐकून घेतलं. "तो मॅडम, उस नस को बोलो, थोड़ा साइड में हो जाए!"

मग त्याची नजर वनिताताईंकडे गेली. वनिताताई म्हणजे क्लिनिक उघडल्यापासूनची माझी मदतनीस. माहेर दातिवऱ्याचं, सासर सफाळ्याचं. त्यांचा पुढचा एक दात काळा आहे.

"मॅडम, पहले इनका काला दाँत क्यों नहीं करते?"

"तू चूळ भर रे," वनिताताई म्हणाल्या. "माजा दात ऱ्हाऊ दे." हा प्रश्न त्यांना दर दोन पेशंटमागे एक जण विचारतोच.

*

पालघरचे एक शेठ, टाइल्सचं दुकान. त्यांना मी दातांच्या रंगांचं कार्ड दाखवलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि पिशवीतून चक्क टाइलचा तुकडा काढला.

"डॉक्टर, हा शेड द्या!"

मी नाही म्हटलं. शेठ रुसले, ऑनलाइन जेल मागवलं आणि दात मनासारखे पांढरे होईनात म्हणून ते लावूनच झोपायला लागले. थोड्या दिवसांनी परत आले तेव्हा दात खरंच टाइलसारखे झाले होते, पण शेठ फार बोलत नव्हते. तोंडात वारा गेला तरी कळ!

शेठाणी म्हणाल्या, "चहा गार करून पितात, पाणी गरम करून पितात. यांच्यासाठी मी दिवसभर गॅसपाशीच!"

*

सफाळ्याकडचे एक शिक्षक रोज लिंबू आणि सोडा घेऊन दात घासायचे. तक्रार अशी की, "मॅडम, जितकं घासतो तितके पिवळे होतात!"

होणारच! वरचं पांढरं कवच झिजत चाललं होतं आणि खालचा थर मुळातच पिवळसर असतो. सर बराच वेळ आरशात बघत राहिले.

"म्हणजे मी इतके दिवस पिवळा रंग उघडा करत होतो?"

"हो सर. आणि गेलेलं कवच परत येत नाही."

सर अगदी हळू म्हणाले, "मी हा उपाय सगळ्या स्टाफरूमला सांगितलाय हो." पुढच्या महिन्याभरात जवळजवळ सगळी स्टाफरूम माझ्याकडे येऊन गेली. हेडबाई तेवढ्या सरांशी अजून बोलत नाहीत.

*

एका मुलीने लग्नाच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये दात पांढरे करून घेतले. लग्न समुद्राकाठच्या वाडीत, भर थंडीत! ओठ उघडले की गार वारा दातांत घुसायचा आणि कळ डोक्यात जायची. अख्ख्या अल्बममध्ये नवरी ओठ घट्ट मिटून उभी आहे, फक्त डोळ्यांत पाणी.

कळ पुढे चार दिवसांत थांबली. पण सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला अल्बम दाखवतात आणि विचारतात, "खरं सांगा, हिच्या मनात होतं ना हे लग्न?"

*

आता वनिताताईंचा दात.

त्या लहान असताना त्यांचा दादा ताडावर चढला होता. उतरता उतरता त्याने "घे गं!" म्हणून एक ताडगोळा खाली टाकला. यांनी वर बघितलं, तो तोंडावर बसला. दात पडला नाही, पण त्यातली नस मेली आणि दात काळा पडत गेला.

मी कितीदा म्हटलं, "वनिताताई, अहो, या दाताला दुखायचा प्रश्नच नाही! आत जिवंत काही उरलेलंच नाही. मागून उघडायचा, आतून औषध ठेवायचं, झाला पांढरा."

"ऱ्हाऊ दे, डॉक्टर. सवय झाली."

दरवर्षी पहिले ताडगोळे उतरले की दादा ते सोलून डब्यात घालून बहिणीकडे घेऊन यायचा. तिचा दात बघायचा आणि मान खाली घालायचा.

गेल्या वर्षापासून दादा माणसं विसरायला लागला. सुना, नातवंडं, सगळी विसरला. बहीण दिसली की मात्र तिच्या दाताला बोट लावून लहान मुलासारखा रडायचा. "माज्या हातनं झालं गं, बाय!" दर भेटीला तेच.

एक दिवस वनिताताई आपणहून खुर्चीत बसल्या. "करा, डॉक्टर. दादाचं रडनं थांबंल."

मी नेहमीप्रमाणे आधीच बजावलं, "हा रंग कायमचा नसतो हं. काही वर्षांनी असा दात पुन्हा काळा पडू शकतो."

"तवर तरी दादा सुखानं जगंल," त्या म्हणाल्या.

दात सुंदर झाला. माझ्या हातून झालेलं सगळ्यात बिनबोभाट काम. ना कळ, ना शिवशिव. रविवारी त्या दातिवऱ्याला गेल्या, ओट्यावर बसलेल्या दादासमोर जाऊन तोंडभरून हसल्या.

सोमवारी आल्या, ॲप्रन चढवला आणि ट्रे पुसत बसल्या. मी विचारलं, "काय म्हणाला दादा? रडला नाही ना?"

"नाय रडला." त्यांनी पुसलेलाच ट्रे परत पुसला. "मला बोलला, बाई, तुमी कोन? माजी बहीन येनार हाय, तिला वाट द्या. तिचा म्होरचा दात काळा हाय."

बाहेर पेशंट थांबले होते. त्यांना आत घ्यायला वनिताताई उठल्या आणि दाराशी जाऊन वळल्या.

"डॉक्टर, तुमी बोललात ना, परत काळा पडतो म्हनून? लवकर नाय पडनार काय?"