सोमवारच्या दोन पोळ्या

नागपूरच्या महाल भागातल्या खानावळीत तो माझ्या समोरच बसायचा. रोज पहाटे आखाड्यात जोर-बैठका मारायचा आणि संध्याकाळी नऊ पोळ्या, मान वर न करता, दहा मिनिटांत संपवायचा. सोमवारी आखाडा बंद असे. त्या दिवशी मोजून दोन.

"काहून गा, दोनच?" वाढणारी मावशी दर सोमवारी विचारायची.

"आज घाम नाही गाळला मावशी, तं घासबी नाही," असं म्हणून तो ताटावर हात आडवा धरायचा.

मला त्या शिस्तीचा रागच यायचा. पण त्या दोन पोळ्यांना तो तासभर लावायचा. खोलीवर एकटाच राहायचा. शेवटचा माणूस हात धुवायला उठला, की मगच त्याचा शेवटचा घास संपायचा.

माझी बदली झाली, आणि नागपुरातलं शेवटचं जेवण नेमकं सोमवारी आलं. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठू लागलो. त्याचं ताट रिकामं होतं. त्यानं ताटावरचा हात काढून घेतला.

"बसा ना भाऊ जरासे. मी अजून एक घेऊन राहिलो."

मावशीनं पोळी वाढली. तो ती मोडेना, आणि माझ्यानंही उठवेना.